सोलापुरातले स्केटबोर्डचे (आणि बेअरिंगच्या गाडीचे) दिवस : आपापले अनुभव लिहा

गड्ड्यातला फुगा
काल जेवण झाल्यावर रंगभवनकडून पार्क चौकाकडं चालत येत होतो. फुटपाथवर चार पोरं स्केटबोर्ड घेऊन. एक जण फळीच्या शेपटीवर पाय आपटून उडायला बघत होता. फळी तिकडं, पोरगं इकडं. परत उभं, परत तेच. मी बघतच राहिलो, बायको पार पुढं निघून गेली.
१९९७ ची सुट्टी आठवली. आम्ही सात जण, बोर्ड एक. एकाच्या मामानं मस्कतहून आणलेला. पहाटे साडेपाचला पार्क स्टेडियमच्या बाहेर जमायचं, कारण नऊनंतर डांबर पाघळायला लागायचं आणि चाकं चिकटायची. प्रत्येकाला एक फेरी. पडला की नंबर गेला. त्या उडीला ऑली म्हणतात हे फार नंतर कळलं, आम्ही 'बेडूक' म्हणायचो. "आज बेडूक मारला का बे?" अख्ख्या सुट्टीत दोघांनाच जमला. त्यात मी नव्हतो.
वरचा खरखरीत कागद निघाला तेव्हा पॉलिश पेपर आणून पंक्चरवाल्याकडच्या सोल्युशननं चिकटवला. आठ दिवसांत बुटाचे तळवे गायब. घरी जो मार पडला तो वेगळा विषय.
तुमचंही लिहा.

वेशीतला
मस्कतचा बोर्ड म्हणे. आमच्याकडं साखर पेठेत बेअरिंगची गाडी होती. लूमच्या (यंत्रमागाच्या) मोटारीची खराब झालेली बेअरिंगं जॉबरकडून, म्हणजे लूम दुरुस्त करणाऱ्याकडून, मागून आणायची, रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवायची. सकाळी फिरवून बघायची. नुसती खरखर केली की बाद, शिट्टीसारखा आवाज आला की पास. मग लाकडी दांड्याची टोकं कोयत्यानं तासायची, बेअरिंगच्या भोकापेक्षा जरा जाड ठेवायची, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची आणि दगडानं ठोकत बसवायची. पुढच्या दांड्याला मधोमध एकच बोल्ट, पायानं वळवायचं. ब्रेक म्हणजे चप्पल.
एरवी लूमच्या खटखटीत आमचा आवाज कुणाला ऐकू जायचा नाही. लूमच्या सुट्टीला मात्र गल्ली उठायची. एक म्हातारे तेलुगूतून सुरू करायचे, कन्नडात रंगात यायचे आणि मराठीत आई काढायचे.

कडक भाकरी
६२०४ नंबरची बेअरिंग का?

वेशीतला
६२०३. भोक १७ मिलिमीटर, बाहेरून ४०. ६२०४ पण मिळायची, पण तिला दांडा जाड लागतो.

कडक भाकरी
आमच्याकडं ६२०४ च होती. असो. नळ आलाय, येतो नंतर.

आता पुण्यात
गड्ड्याभाऊ, तुम्ही लिहिलंत आणि मला एकदम वास आला. पहाटेचा, तळ्याच्या बाजूचा, पाणी कमी झालेलं असताना येतो तो. आम्ही सिद्धेश्वर मंदिराच्या जवळ राहायचो. स्केटबोर्ड कधी बघितला नाही, तरीपण लिहिते. शेंगाचटणी आणायला कुणी येणार आहे का पुण्याला या आठवड्यात? इथली गोड लागते.

गड्ड्यातला फुगा
ताई, माझा मेव्हणा शुक्रवारी येतोय. मेसेज करा.

चिमणीखालचा
मी त्या दोघांपैकी एक, बेडूक मारणारा 😄 ओळखलास का बे?
एक विसरलास. जानेवारीत गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) उठला आणि होम मैदान मोकळं झालं, तेव्हा आपण बोर्ड तिथं नेला होता. सगळी धूळ चाकात. चारपैकी दोन चाकं जाम. बेअरिंगच्या दुकानात गेलो तर तो म्हणाला, एवढी बारकी माझ्याकडं नाही, घड्याळवाल्याकडं जा. शेवटी हातातलं ड्रिल मशीन दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी बघताक्षणी सांगितलं, ही ६०८. आठचं भोक, बाहेरून २२. त्यांच्या डब्यात जुन्या पडलेल्या होत्या. पैसे घेतले नाहीत, दुकानातल्या फरशीवर एक फेरी मारून बघितली फक्त. पन्नाशीचा माणूस, पायजमा, शर्टात चष्म्याची केस. भिंतीला धरून उभे राहिले आणि असे हसले ना.

गड्ड्यातला फुगा
अरे तू!! कुठं आहेस? नंबर दे.
आणि काका पडले होते, हे का नाही सांगत?

चिमणीखालचा
टेकले म्हण. पडले नाहीत.

मधली बहीण
मुलींचं कुणी लिहिणार नाही म्हणून लिहिते. दादाच्या बेअरिंगच्या गाडीवर मला बसायला मिळायचं, ते मागं वजन पाहिजे म्हणून. चालवायला नाही. मग मे महिन्यात दुपारी दोन ते चार, सगळे कूलरपुढं आडवे झाले की मी आणि शेजारची, दोघी गाडी बाहेर काढायचो. चव्वेचाळीस डिग्री. लोखंड एवढं तापायचं की फ्रॉक खाली दुमडून घ्यावा लागायचा. रस्त्यावर कुत्रं नाही. आवाज होऊ नये म्हणून आधी गाडी दोघींनी उचलून गल्लीच्या टोकापर्यंत न्यायची. उजव्या कोपरावर अजून खूण आहे. आईला सांगितलं होतं की उंबऱ्याला अडखळले.
टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१ ला झालं ते) स्केटबोर्डिंग पहिल्यांदाच होतं आणि मुलींच्या स्ट्रीट प्रकारात मोमिजी निशिया नावाच्या तेरा वर्षांच्या जपानी मुलीनं सुवर्ण घेतलं. मी भाकरी थापता थापता बघत होते. तव्यावरची करपली.

वेशीतला
ताई, कडक भाकरी झाली म्हणायचं आणि वाढायची.

कडक भाकरी
मला बोलावलं का? पाणी भरून झालं. ६२०४ च होती, भावाला फोन करून विचारलं.

वेशीतला
भावाला म्हणावं कॅलिपर लावून मोज.

नवीन सभासद
मी १९ वर्षांचा. काल तिथं असलेल्या चौघांपैकी एक आहे बहुतेक 🙈 चेक्सचा शर्ट घातलेले काका तुम्हीच का? आम्हाला वाटलं ओरडायला थांबलात. इथं नीट सपाट जागाच नाही. फुटपाथच्या फरशांच्या फटीत चाक अडकतं. पावसाळ्यात तर बोर्ड घरीच. तुमच्या वेळी रस्ते चांगले होते का?

गड्ड्यातला फुगा
चांगले कुठले. गाड्या कमी होत्या एवढंच. तूच फळी तिकडं पोरगं इकडं वाला का? पुढचा पाय वर घासत न्यायचा असतो, आपटायचा मागचा.

चिमणीखालचा
हा बघा. आयुष्यात एक बेडूक न मारलेला माणूस क्लास घ्यायलाय.

रेल्वे लाइन्स
मस्कतवाला मामा माझा सख्खा काका. बोर्डचं पुढं काय झालं कुणी विचारलंच नाही. दादा बारावीला गेल्यावर आजीनं फळी मोरीत कपडे घासायला घेतली. खरखरीत होतीच. ती कुजली तीनचार वर्षांत. चाकं मात्र काकूनं लोखंडी कूलरच्या स्टँडला बसवून घेतली. गेल्याच महिन्यात मी तो कूलर हॉलमधून बेडरूममध्ये ढकलत नेला. एका बोटानं जातो.

चिमणीखालचा
त्यातली दोन बेअरिंगं ड्रिलवाल्या काकांची.

रेल्वे लाइन्स
मग डाव्या बाजूची असणार. ती वाजतात.