मदत हवी आहे: कुत्र्यासकट राहता येईल असं भाड्याचं घर, कोथरूड-वारजे-कर्वेनगर

नमस्कार मंडळी. आमचा अकरा महिन्यांचा करार या महिनाअखेरीस संपतोय आणि मालकांना फ्लॅट मुलासाठी हवाय. दोन बीएचके, भाडं २५ हजारांपर्यंत. आम्ही दोघं, आई आणि भुऱ्या. भुऱ्या म्हणजे आपला गावठीच, सात वर्षांचा. दिवसभर आईच्या खुर्चीखाली लोळत असतो, फक्त कुकरच्या शिट्टीवर भुंकतो.

आतापर्यंत नऊ घरं पाहिली. फोनवर सगळं जमतं, कुत्रा म्हटलं की "घरी विचारून सांगतो". एका ठिकाणी टोकन द्यायला गेलो, तर सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यातच म्हणाले, आमच्याकडे ठराव झालाय. पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानेसुद्धा पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, हे ठाऊक आहे. पण मालकच नको म्हणाला तर काय करणार? आणि भांडून घरात शिरायची हौस नाही.

महापालिकेचा परवाना, रेबीजच्या लशीचं कार्ड, नसबंदीचा दाखला, सगळं तयार आहे. डिपॉझिट थोडं जास्त देऊ. तळमजला मिळाला तर उत्तम, आईचे गुडघे दुखतात.

कुणाच्या माहितीत थेट मालक आहेत का? आणि करारात कुत्र्याचा उल्लेख कसा करून घेतलात?