‘कृपेने तारण’ म्हणजे नक्की काय? कृपा, विश्वास आणि कर्मे

प्रश्न

ख्रिस्ती लेखनात एक वाक्य वारंवार भेटतं: ‘कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे’ (इफिसकरांस पत्र, २:८). ‘तारण’ म्हटलं की मला आधी गहाण ठेवलेले दागिने आठवतात, ते बाजूला ठेवलं तरी दोन शंका उरतात. ‘कृपेने’ झालं म्हटल्यावर वर आणखी ‘विश्वासाच्या द्वारे’ कशाला? आणि पुढच्याच ओळीत ‘कर्मे केल्याने हे झाले नाही’ असं आहे. मग चांगलं वागण्याला काहीच किंमत नाही असं समजायचं का? धर्माचा वाद नको आहे, शब्द कळले तर हवेत.

—

‘तारण’पुरतं सांगतो. तरणे म्हणजे पार होणे, तारणे म्हणजे दुसऱ्याला पार नेणे. ‘देव तारी त्याला कोण मारी’मधलं तारणं तेच हे. गहाणाचा अर्थ व्यवहारात इतका रुळला की मूळ अर्थ मागे पडला. ग्रीकमध्ये इथे ‘सोझो’ हे क्रियापद आहे. त्याचा अर्थ वाचवणे, आणि बरे करणेसुद्धा. मार्ककृत शुभवर्तमानात आजारी बाईला येशू ‘तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे’ म्हणतो, तिथेही हेच क्रियापद आहे.

‘मोक्ष’ हा प्रतिशब्द टाळलेला बरा. मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. तारण म्हणजे पापापासून आणि त्याच्या दंडापासून. सुटका दोन्हीकडे असली तरी ती कशापासून, हे वेगळं आहे.

—

दोन कारणं कशाला, या शंकेचं उत्तर वाक्यातल्या विभक्तीतच आहे. ‘कृपेने’मधला ‘ने’ कारण सांगतो, ‘द्वारे’ मार्ग सांगतो. दार उघडं असल्यामुळे मी आत आलो हे खरं असलं तरी घर कोणी दाराने बांधलेलं नसतं. ग्रीकमध्येही हाच भेद आहे: कृपा नुसत्या विभक्तीत, आणि विश्वासाआधी ‘दिआ’ म्हणजे ‘मधून’. म्हणून ‘विश्वासामुळे तारण होतं’ हे सर्रास ऐकू येणारं वाक्य मला पटत नाही. त्यात विश्वास हेच एक नवं कर्म होऊन बसतं: मी विश्वास ठेवला, सबब मला फळ मिळालं. हे पत्र ज्याच्या नावावर आहे त्या पौलाला तर नेमकी तीच आढ्यता नको आहे (‘कोणी आढ्यता बाळगू नये म्हणून’, २:९).

आणि दोन ओळी पुढे जा. दहाव्या वचनात म्हटलंय की माणूस सत्कृत्यांसाठी निर्माण केलेला आहे. म्हणजे कृपे‘ने’, विश्वासा‘च्या द्वारे’, सत्कृत्यां‘साठी’. कर्म वाक्याबाहेर काढलेलं नाही, कारणाच्या जागेवरून उठवून हेतूच्या जागी बसवलंय. तुमच्या शेवटच्या शंकेचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

आठव्याच वचनाच्या शेवटी येणाऱ्या ‘हे देवाचे दान आहे’ यातलं ‘हे’ म्हणजे काय, यावरही बराच खल झालेला आहे. कृपा दान, विश्वास दान, की सगळंच? ग्रीकमध्ये कृपा (खारिस) आणि विश्वास (पिस्तिस) दोन्ही स्त्रीलिंगी, पण सर्वनाम नपुंसकलिंगी. त्यामुळे ते दोन्हींपैकी कुठल्याच एका शब्दाला चिकटत नाही आणि ‘ही सगळी घटना’ असा अर्थ घेणं सरळ पडतं. मराठीत कृपा स्त्रीलिंगी, विश्वास पुल्लिंगी, तारण नपुंसकलिंगी. म्हणून आपलं ‘हे’ आपोआप तारणाकडे जातं. भाषांतरकाराने ठरवून केलं की लिंगांनीच काम करून टाकलं, कोण जाणे, पण अर्थ बिघडलेला नाही.

—

वरच्या मुद्द्याला एक पुरवणी: ‘कृपेनेच’मधला ‘च’. ग्रीकमध्ये ‘केवळ’ अशा अर्थाचा शब्द तिथे नाही. मराठीने तो जोर स्वतःचा घातला आहे. प्रॉटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथरने १५२२च्या जर्मन नव्या करारात (बायबलचा येशूनंतरचा भाग) रोमकरांस पत्र ३:२८ मध्ये ‘विश्वासाने’च्या शेजारी ‘केवळ’ घातला तेव्हा गहजब झाला, आणि १५३० मध्ये भाषांतरावर एक खुलं पत्र लिहून ल्यूथरला त्या शब्दाचा बचाव करावा लागला. मूळात शब्द नाही हे मला माहीत आहे, पण जर्मन बोलण्याची धाटणी तो मागते, असा त्याचा युक्तिवाद होता. (मराठीत ‘च’शिवाय पानभर लिहून बघा म्हणजे त्याची अडचण कळेल.)

तर ‘च’ कुठे लावता यावर सगळं आहे. ‘कृपेनेच’ला कॅथलिकांचीही हरकत नाही. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने जानेवारी १५४७च्या निर्णयात कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी नीतिमान (देवापुढे निर्दोष) ठरता येतं हे मत पहिल्याच कलमात धुडकावलं. तिचा आक्षेप ‘विश्वासानेच’ला होता, तोही विश्वास म्हणजे नुसता होकार असा अर्थ घेऊन. ‘ख्रिस्ती लोकांत कॅथलिक कर्म मानतात आणि प्रॉटेस्टंट विश्वास’ ही सुटसुटीत वाटणी त्यामुळे चुकीची ठरते. ३१ ऑक्टोबर १९९९ला आउग्सबुर्गमध्ये लुथरन (ल्यूथरच्या परंपरेतले) आणि कॅथलिक पक्षांनी नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आमच्या कुठल्याही गुणामुळे नव्हे, तर केवळ कृपेने देव आम्हाला स्वीकारतो, असं दोघांनी मिळून त्यात म्हटलं. २००६ मध्ये मेथडिस्ट हा आणखी एक प्रॉटेस्टंट पंथही त्यात आला. सगळे भेद मिटले असं नाही, पण सोळाव्या शतकातल्या बहिष्काराच्या भाषेत आता ते बोलत नाहीत.

—

कृपा आणि दया यांत गल्लत होते म्हणून लिहिते. इफिसकरांच्या याच अध्यायात आधी देव ‘दयासंपन्न’ आहे असं येतं, तो ग्रीक शब्द वेगळा (एलेओस). दुःखी माणसाकडे पाहून कळवळणं ही दया. ज्याचा हक्क नाही त्याला देणं ही कृपा. हिंदी बायबलमध्ये इथे ‘अनुग्रह’ आहे. मराठीत ‘अनुग्रह घेतला’ म्हणजे गुरूकडून दीक्षा घेतली, त्यामुळे आपल्याकडे तो शब्द भलतीकडे गेला असता.

रोजच्या मराठीतली कृपा मात्र फार पातळ झाली आहे. ‘आपल्या कृपेने बरं चाललंय’, ‘कृपया दार बंद करा’. शाळेतले ग्रेस मार्क तर अर्थाची उलटापालटच करतात. तिथे थोडक्यात हुकलेल्याला वर उचलतात, म्हणजे बहुतेक मार्क त्याने स्वतः मिळवलेले असतात. पौल त्याच अध्यायाच्या सुरुवातीला वाचकांना ‘तुम्ही मृत होता’ म्हणतो. मेलेल्याचं थोडक्यात हुकलं असं कोणी म्हणत नाही. पाचव्या शतकात पेलागियस आणि ऑगस्टीन हे दोन ख्रिस्ती विचारवंत भांडले ते यावरच: माणसाची इच्छाशक्ती स्वतः उठून देवाकडे चालू लागते, की उठण्यासाठीही आधी कृपाच लागते? ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने पेलागियसच्या, म्हणजे पहिल्या, बाजूला नकार दिला.

—

मूळ प्रश्न विचारणारा मीच. हे सगळं पटतंय, पण मग नव्या करारातल्याच याकोबाच्या पत्राचं काय? ‘मनुष्य केवळ विश्वासाने नव्हे तर क्रियांनी नीतिमान ठरतो’ (२:२४). हे तर सरळ उलटं आहे.

—

उलटं वाटतं खरं. मजा म्हणजे नव्या करारात ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द एकत्र येतात ते याच एका ठिकाणी, आणि तेही नकारासह. ल्यूथर या पत्रावर नाराज होता, ते उगीच नाही.

मराठीत आणखी एक गंमत आहे. पौलाच्या वाक्यांत ‘कर्मे’, ‘कृत्ये’ आणि याकोबाच्या पत्रात ‘क्रिया’. ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच शब्द, ‘एर्गा’. शब्द बदलल्याने मराठी वाचकाला विरोध कमी जाणवतो, आणि ते थोडं फसवं आहे. पण बोलणं खरोखर वेगळ्या गोष्टींचं आहे असं मला वाटतं. गलतीकरांस पत्रात पौल ‘नियमशास्त्रातील कृत्ये’ म्हणतो; नियमशास्त्र म्हणजे यहुदी धर्मनियम. तिथला ज्वलंत प्रश्न होता की यहुदी नसलेल्यांनी सुंता करून घ्यायची का. ती कृत्ये म्हणजे मुख्यतः यहुदी ओळखीच्या खुणा होत्या, असं मानणारा अभ्यासकांचा एक गट गेल्या पन्नासेक वर्षांत पुढे आला. बायबलचे अभ्यासक ई. पी. सँडर्स यांच्या १९७७च्या मांडणीनंतर ही चर्चा पेटली. मला ते पूर्ण पटत नाही, कारण इफिसकरांच्या वाक्यात नियमशास्त्राचं नाव नाही, नुसती ‘कर्मे’ आहेत. याकोबाचं उदाहरण मात्र साफ निराळं: उघड्यानागड्या, उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर खा’ म्हणून रिकाम्या हाताने वाटेला लावणारा माणूस. त्याच्याकडे आहे ती नुसती तोंडी मान्यता. पौलाच्या ‘पिस्तिस’मध्ये भरवसा आहे, आणि त्याच शब्दात विश्वासूपणाही आहे (रोमकरांस पत्र ३:३ मध्ये देवाच्या संदर्भात तोच शब्द विश्वासूपणा म्हणून येतो). मराठी ‘विश्वास’ला विश्वासूपणाची ती बाजू फारशी नाही, म्हणून वाचताना ती मनात धरावी लागते.

‘नीतिमान ठरणे’ हा प्रयोगही लक्षात घ्या. ‘होणे’ नाही, ‘ठरणे’. आरोपी निर्दोष ठरतो तसं. निकाल आधी, सुधारणा मागाहून. सुधारणेला या विचारात नाव आहे ‘पवित्रीकरण’. तिची जागा कुठे, ते १५६३च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीच्या (प्रॉटेस्टंट धर्मशिक्षणाच्या पुस्तकाच्या) रचनेत दिसतं: माणसाची दुर्दशा, मग सुटका, मग कृतज्ञता. दहा आज्ञांचं विवरण तिसऱ्या भागात आहे. ग्रीक ‘खारिस’चा अर्थ कृपा आहे तसा आभारही आहे, तेव्हा ही मांडणी शब्दातूनच निघते म्हणायला हरकत नाही.

—

मग ‘फुकट’ म्हटलं तर चालेल का? रोमकरांस पत्र ३:२४ मध्ये ‘विनामूल्य’ आहे, तो फारच सरकारी वाटतो.

—

बोलताना खुशाल म्हणा. तिथला ग्रीक शब्द ‘दोरेआन’. गलतीकरांस पत्र २:२१ मध्ये, नियमशास्त्राने नीतिमत्त्व मिळत असेल तर ख्रिस्ताचं मरण व्यर्थ गेलं असं पौल म्हणतो, तिथेही ‘दोरेआन’च आहे. पैसे न पडता मिळालेलं ते फुकट आणि वाया गेलेलं तेही फुकट, हे दोन्ही अर्थ मराठीत एकाच शब्दात बसतात. छापील मजकुरात मात्र ‘विनामूल्य’च ठेवा, नाहीतर ‘फुकट तारण’ वाचून कोणीतरी व्याजदर विचारायला येईल.