भयपटात नायिकेचा पेशा नुसता पाटीपुरता राहू नये यासाठी काय करावं?

रात्रपाळी:
पंधरा मिनिटांच्या भयपटाची संहिता लिहितेय. नायिका शवविच्छेदन करणारी डॉक्टर. रात्रीची ड्युटी, शवागारात ती आणि एक मदतनीस. अडचण अशी की तिच्या जागी शिक्षिका बसवली तरी गोष्टीचं काही बिघडत नाही. कोणते चित्रपट बघू आणि त्यात नेमकं काय बघू? वैद्यकीय तपशिलातलं भीतीसाठी काय वापरता येईल? रक्ताचा चिखल नको आहे.

खिडकीपाशी:
'एलियन' (१९७९) पासून सुरुवात करा. रिप्ली अंतराळयानावरची वॉरंट ऑफिसर. चेहऱ्याला प्राणी चिकटलेल्या सहकाऱ्याला आत घ्यायला ती नकार देते, कारण २४ तास विलगीकरणाचा नियम आहे. दार उघडतो यानावरचा विज्ञान अधिकारी अॅश. म्हणजे ती आपलं काम चोख करते, दुसरा कोणी ते मोडतो आणि संकट आत येतं. तुमच्या गोष्टीतही सांगता आलं पाहिजे: कुठला नियम, मोडला कोणी, कशासाठी.

'ड्रॅग मी टू हेल' (२००९) बरोबर उलटा. कर्ज विभागातली क्रिस्टीन बढतीवर डोळा ठेवून एका म्हातारीला मुदतवाढ नाकारते आणि शाप ओढवून घेते. तिचा पेशा बदला, गोष्टच उरत नाही.

'रिंगू' (१९९८) मध्ये नायिका पत्रकार आहे. मूळ कादंबरीत ते पात्र पुरुष आहे. (चित्रपट पाहिला नसेल तर पुढचं वाक्य सोडा.) तिचा जीव वाचतो तो शापित व्हिडिओ टेपची नक्कल करून दुसऱ्याला दाखवल्यामुळे, आणि मिळालेलं पुढे पोचवणं हेच तर पत्रकाराचं काम.

तुमच्या सर्वांत जवळचा प्रसंग 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' (१९९१) मधला. तो भयपट की थरारपट हा वाद सोडून द्या. एफबीआयची प्रशिक्षणार्थी क्लॅरिस आधी खोलीतल्या पोलिसांना बाहेर काढते, नाकाखाली मलम लावते, मग शवाची निरीक्षणं मोठ्याने सांगू लागते. आवाज आधी कापतो आणि सांगता सांगता स्थिरावतो. भीतीवर कामाने पकड कशी बसते ते तिथे दिसतं.

शीतकपाट:
रक्त नको असेल तर लिव्हिडिटी वापरा. हृदय थांबलं की रक्त खाली उतरतं आणि शरीराच्या खालच्या बाजूला जांभळट डाग उमटतो. साधारण अर्ध्या ते दोन तासांत तो दिसू लागतो, आठ ते बारा तासांत पक्का होतो. पक्का होण्याआधी अंगठ्याने दाबलं तर तेवढी जागा पांढरी पडते, नंतर पडत नाही. शरीर जिथे टेकलेलं असतं तिथे, म्हणजे उताणं असेल तर खांद्याच्या पात्यांवर आणि नितंबांवर, डाग नसतोच.

आता प्रसंग. पहिल्या तीन मिनिटांत साधं शव. ती डाग दाबते, काही होत नाही, मदतनिसाला सांगते, "फिक्स झालाय, लिहा." एवढ्यावर प्रेक्षक शिकला. मग दुसरं शव, नोंदवहीप्रमाणे दोन दिवस शीतकपाटात, उताणं. डाग मात्र छाती-पोटावर. यात भूत काही नाही; मृत्यूनंतर बरेच तास पालथं पडलेलं असणार. ती तशी नोंद घालते आणि सवयीने अंगठा दाबते. जागा पांढरी पडते.

चुका हमखास होतात त्या अशा. थंडीत डागाला गुलाबी-लालसर छटा येते, म्हणून शीतकपाटातल्या शवाला गडद जांभळा मेकअप नको. ताठरता जबडा-मानेपासून दोन ते चार तासांत जाणवते, बारा तासांच्या सुमारास सर्वांगात असते आणि थंडीत जास्त टिकते. तेव्हा दोन दिवसांच्या थंड शवाचा हात लुळा लोंबकळत दाखवू नका. आधी फोटो आणि बाहेरची तपासणी, छेद त्यानंतर. 'द ऑटोप्सी ऑफ जेन डो' (२०१६) मध्ये शवविच्छेदन करणारे बाप आणि मुलगा आहेत, नायिका नाही, तरी तो जरूर बघा: बाहेरून आत जाताना प्रत्येक निष्कर्ष आधीच्या निष्कर्षाला छेद देतो.

निळी शाई:
एक सावधगिरी. 'हे सगळं तिच्या मनाचे खेळ' या वळणाला जाऊ नका. 'गॉथिका' (२००३) आणि 'स्माइल' (२०२२) मध्ये ते चालतं, कारण दोन्ही नायिका मानसोपचाराच्या क्षेत्रातल्या. समोरच्याला भास होतोय का हे ठरवणं हेच त्यांचं काम आणि तेच त्यांच्यावर उलटतं. शवविच्छेदनात निष्कर्ष दुसऱ्यालाही तपासता येतो. म्हणून मदतनिसालाही दाबायला लावा, आणि त्यालाही तेच दिसू द्या.

ती पळून का जात नाही, याचं उत्तरही पेशातच आहे. शव तिच्या ताब्यात आहे. तपासणी अर्धवट सोडून ते बेवारस टाकून निघता येत नाही. 'लास्ट शिफ्ट' (२०१४) मध्ये नवी पोलीस बाई रिकाम्या ठाण्यात रात्रभर थांबते, ती नेमून दिलेल्या ड्युटीमुळेच.

रात्रपाळी:
डाग दाबण्याचा शॉट घ्यायचा कसा? मेकअप तर दाबल्यावर पांढरा पडणार नाही.

शीतकपाट:
त्याचाच फायदा घ्या. पहिल्या शवाला स्पिरिटवर चालणारे रंग लावा. ते अंगठ्याला लागत नाहीत, दाबल्यावर रंग जसाच्या तसा राहतो. दुसऱ्यासाठी त्या जागी रंगच नको. कलाकाराची त्वचा कोमट ओल्या टॉवेलने शेकून लाल करा आणि लगेच जवळून शॉट घ्या. दाबल्यावर खरी त्वचा आपोआप पांढरी पडते. छातीच्या मधल्या हाडावर दाबा, तिथे ते स्पष्ट दिसतं. मात्र खोली गार ठेवू नका, रोमांच उभे राहतात आणि लाली उतरते.

अंगठा पाच सेकंद दाबून काढा, पण कॅमेरा तिथून हलवू नका. जिवंत माणसाचा रंग साधारण दोन सेकंदांत परततो. आपत्कालीन विभागात रक्ताभिसरण नीट आहे का हे असंच बघतात. पांढरी जागा तिने पाहिली तेव्हा तिला वाटलं, नोंदवहीतली वेळ चुकली असेल. रंग भरून येताना ती मनात सेकंद मोजते, आणि तिथे तिचं वाक्य अर्धवट तुटतं.