हुथींवर बॉम्ब टाकून खलाशी वाचणार आहेत का?

दाभोळखाडी
लाल समुद्रात जहाजांवर हल्ले करणाऱ्या येमेनच्या हुथी बंडखोरांबद्दल परवा इथेच किल्लेदार यांनी लिहिलं होतं, "भारताने 2024 सालीच अमेरिका-ब्रिटनच्या बरोबरीने येमेनवर हल्ले चढवायला हवे होते. एवढं मोठं नौदल काय 26 जानेवारीच्या संचलनापुरतं ठेवलंय?" खाली नुसती वाहवा. गप्प बसायचं ठरवलं होतं, पण राहवत नाही.

माझा धाकटा भाऊ टँकरवर थर्ड इंजिनीअर आहे. त्याचं जहाज लाल समुद्राच्या तोंडाशी असलेल्या बाब-अल-मंदेबमधून गेलं त्या रात्री आमच्या घरात कुणाचा डोळा लागला नव्हता. तेव्हा हुथींबद्दल मला कणव आहे असं कुणी समजू नये. शाळकरी पोरांच्या हातात बंदुका देणारी संघटना आहे ती.

पण बॉम्ब टाका म्हणताना आधी टाकलेल्या बॉम्बचं काय झालं तेही बघा. सौदीने मार्च 2015 मध्ये सुरुवात केली. सोबत युएई, हातात अमेरिकेची विमानं. 2021 संपेपर्यंत 3,77,000 माणसं गेली असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे, त्यातली निम्म्याहून जास्त उपासमारीने आणि औषधाविना. हुथी मात्र राजधानी सनामध्ये होते तिथेच राहिले. मग 12 जानेवारी 2024 ला अमेरिका-ब्रिटनने हल्ले सुरू केले. त्यानंतरही हुथींच्या माऱ्याने 'रुबीमार' जहाज बुडालं, 'ट्रू कॉन्फिडन्स'वर तीन खलाशी मेले, 'ट्युटर' बुडालं. मार्च 2025 मध्ये ट्रम्पनी पुन्हा बॉम्बफेक सुरू केली आणि 6 मे रोजी ओमानला मध्ये घालून थांबवली. जुलैत 'मॅजिक सीज' आणि 'इटर्निटी सी' एकाच आठवड्यात तळाला गेली.

आणि आपलं नौदल? 'मार्लिन लुआंडा' क्षेपणास्त्र लागून पेटलं, त्यावर 22 भारतीय होते. 'आयएनएस विशाखापट्टणम'ची माणसं त्या जळत्या जहाजावर चढली आणि आग आटोक्यात आणली. जहाज पेटलं ती तारीख 26 जानेवारी 2024. संचलनाची भाषा करणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. 'ट्रू कॉन्फिडन्स'वरचे लोकही 'आयएनएस कोलकाता'नेच उचलले. जहाजं राखा, माणसं वाचवा, पण येमेनच्या जमिनीवर बॉम्ब टाकायला जाऊ नका. भारताने हेच केलं आणि ते बरोबर होतं.

किल्लेदार
ताई, भावाची काळजी समजू शकतो. नौदलाच्या जवानांचा अपमान करायचा माझा हेतू नव्हता, रोष दिल्लीवर होता. पण तुमचा युक्तिवाद पटत नाही. मोसुलमध्ये आयसिसने आपले 39 मजूर मारले. 2014 मध्ये पळवले, मेल्याचं कळायला 2018 उजाडलं. आपल्या कल्याणची चार पोरं त्याच आयसिसकडे गेली होती. ती आयसिस कुणी वाटाघाटींनी संपवली का? सीरियात कोबानी, इराकमध्ये मोसुल, मार्च 2019 ला सीरियातलंच बागुझ, सगळीकडे बंदुकीनेच संपली. आग लावणारा मोकळा फिरत असेल तर आपण किती वर्षं आगी विझवत बसायचं? आणि 'केम प्लुटो' टँकरवर ड्रोन पडलं ते गुजरातच्या किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांवर!

अक्षांश१७
'केम प्लुटो'वरचं ड्रोन इराणमधून सुटलं असं पेंटागॉननेच सांगितलं होतं. मग बॉम्ब येमेनवर टाकायचे की इराणवर? कोबानीत आकाशातून अमेरिका होती हे खरं, पण जमिनीवर रक्त कुर्दांचं सांडलं. मोसुलमध्ये इराकी फौज गल्लीगल्लीतून नऊ महिने लढली. येमेनमध्ये जमिनीवर कोण आहे? एडनचं हुथीविरोधी सरकार आपसांतच फुटलेलं. या एका प्रश्नाचं उत्तर द्या, मग बोलू.

सातारकर_फौजी
मी श्रीलंकेत होतो, म्हणून बोलतो. जुलै 1987 मध्ये करार झाला, आम्ही शांतिसेना म्हणून उतरलो आणि ऑक्टोबरात तमिळ वाघांशीच (एलटीटीई) लढत होतो. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरने उतरवलेल्या पोरांचं काय झालं ते विचारू नका. 8 महारचे मेजर परमेश्वरन छातीत गोळी घेऊन लढले, परमवीर चक्र मरणोत्तर मिळालं. सुमारे 1,200 जवान तिथे ठेवून मार्च 1990 मध्ये परत आलो. ज्या सरकारने बोलावलं त्याचे पुढचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा आम्हाला निघा म्हणाले आणि आमच्याविरुद्ध वाघांना हत्यारं दिली. माझ्या तुकडीतला एक जण कराडजवळचा. त्याच्या आईला भेटायला गेलो तर ती विचारते, "आपलं कुणाशी भांडण होतं रं तिथं?" मला उत्तर देता आलं नाही. बॉम्ब टाका म्हणणाऱ्यांनी त्या माऊलीला उत्तर द्यावं.

किल्लेदार
काका, तुमच्यापुढे आवाज चढवणार नाही. पण पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 1988 मध्ये, मालदीवला आपले पॅरा उतरले आणि काही तासांत बंड मोडलं. तेही परदेशात घुसणंच होतं. एक फसलं म्हणून कायमचं घरी बसायचं का?

सातारकर_फौजी
मालदीव जमलं, मान्य. पण बंडखोर मूठभर होते, भाडोत्री होते, जनता त्यांच्या पाठीशी नव्हती. हुथी त्या डोंगरांतलेच आहेत. फरक कळत नसेल तर वाद थांबवतो.

द्राक्षबाग_दिंडोरी
आमचंही ऐका. 2024 च्या हंगामात रॉटरडॅमला जाणारे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून गेले, दहा-पंधरा दिवस जास्त. भाडं वाढलं, माल उशिरा पोचला, निर्यातदाराने दर पाडला. बॉम्ब टाका नाहीतर बोलणी करा, रस्ता उघडा. तिकडे रोज नवं निवेदन निघत होतं आणि इकडे बँकेचा हप्ता थांबत नव्हता.

इंजिनरूम_पनवेल
निम्मं आयुष्य बोटीवर काढलं. वर सगळे देशाच्या इभ्रतीवर बोलताहेत. त्या पाण्यात आपल्या पोरांना पाठवतो कोण, ते कुणी विचारत नाही. आयबीएफचा (खलाशांच्या संघटना आणि जहाज कंपन्या यांच्यातला आंतरराष्ट्रीय) करार असलेल्या बोटीवर युद्धक्षेत्रात जायला नकार देता येतो, कंपनीच्या खर्चाने घरी येता येतं, गेलात तर बेसिक दुप्पट. हे किती पोरांना माहीत आहे? आणि असला करार नसलेल्या जुनाट बोटींवर आपली कोकणातली पोरं एजंटला लाखांनी पैसे भरून चढतात. माझ्या भाच्याने बेलापूरच्या एका एजंटला आईचे दागिने मोडून पैसे दिले. पगार बुडाला, पासपोर्ट कप्तानाकडे अडकला. हुथी राहिले दूर, आधी या एजंटांवर कारवाई करा.

किल्लेदार
विषय भरकटतोय. धागा लष्करी कारवाईवर आहे.

इंजिनरूम_पनवेल
भरकटत नाही, हाच विषय आहे. ज्याच्या जिवावर तुमची लष्करी कारवाई चालली आहे, तो माणूस त्या पाण्यात पोचतो कसा, हे विचारायचं नाही का?

अक्षांश१७
पण भाऊ, पैसे देणाऱ्यांचीही जबाबदारी आहेच की. एजंटला आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा सरकारी परवाना आहे का ते डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या साइटवर बघता येतं. न बघता लाख मोजायचे आणि मग सरकारला दोष द्यायचा.

इंजिनरूम_पनवेल
घरी बसून बोलायला काय जातं? सीडीसी (खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक) हातात घेऊन पोरगं कंपन्यांचे उंबरे झिजवतं, ट्रेनीला कुणी उभं करत नाही. बाप काजूच्या बागेवर कर्ज काढतो. तुम्ही साइट बघायला सांगताय! एकदा बेलापूर स्टेशनबाहेर सकाळी उभे राहा.

अक्षांश१७
माझा रोख तुमच्या भाच्यावर नव्हता. बोलणं लागलं असेल तर शब्द मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही.

दाभोळखाडी
एजंटचं सोडा, चांगल्या कंपनीतही नकाराचा हक्क कागदावरच असतो. माझ्या भावाला फॉर्म दिला होता: जायचं की नाही, सही करा. त्याने 'जातो' लिहिलं. का? नाही म्हणणाऱ्याला पुढच्या करारासाठी फोन येत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. आई मला म्हणाली, त्याला सांग नोकरी सोड. घराचा हप्ता होता, मी सांगितलं नाही.

किल्लेदार
ठीक आहे. जमिनीवर कोण लढणार, याला आज माझ्याकडे उत्तर नाही, एवढं मान्य करतो. पण ओमानने थांबवलं ते अमेरिकन जहाजांपुरतं, बाकीच्यांवर हल्ले चालूच राहिले, हे तुम्हीच वर लिहिलेल्या जुलैच्या दोन नावांवरून दिसतं. आणि क्षेपणास्त्रांचे भाग इराणहून गलबतांतून येतात. ती समुद्रात अडवायला तरी तुमची हरकत नसावी.

दाभोळखाडी
गलबतं अडवा, माझी ना नाही. कारण त्यात येमेनच्या सादा शहरातला कुणाचा पोरगा छपराखाली चिरडला जात नाही. पण हे तुम्ही परवा लिहिलं नव्हतं. परवा तुम्हाला येमेनवर बॉम्ब हवे होते.

किल्लेदार
परवाचं मत अजून सोडलेलं नाही. आज गलबतांपुरतं तुमच्याशी जुळलं, इतकंच.

इंजिनरूम_पनवेल
जुळलं असेल तर कुणीतरी आयबीएफच्या करारात नेमकं काय मिळतं ते मराठीत सोप्या शब्दांत लिहून इथे टाका. दापोली-गुहागरच्या पोरांच्या ग्रुपवर मी फिरवतो. मे महिन्यात गावी आलेली पोरं जूनमध्ये पुन्हा बोटीवर चढतील, त्याआधी हवंय.