नर्सिंग नोट्स ड्यूटी संपताना एकदम लिहायची सवय कशी मोडायची?

खानापूर_नाइट
मेडिकल वॉर्ड, रात्रपाळीला 14 पेशंट. नोट्स पहाटे 6 नंतर एका दमात लिहिल्या जातात. तोवर वेळा विसरलेल्या असतात, मग सगळ्यांना ‘जनरल कंडिशन फेअर’. शिक्षण मराठी माध्यमातलं, पेशंट निम्मे कन्नड बोलणारे, चार्ट इंग्रजीत. हात तिथंच अडतो.

निपाणी_वॉर्डइन्चार्ज
सिस्टर, आधी वेळ पकडा, इंग्रजीचं नंतर बघू. बीपी, पल्स, युरिन हे आकडे बेडजवळच चार्टवर चढवा. बाकीच्यासाठी खिशात चिठ्ठी: बेड नंबर, वेळ, दोन शब्द. नाव नको, आणि नोट झाली की फाडून टाका. दर दोन तासांनी दहा मिनिटं बसून लिहिलं तर सकाळी फक्त शेवटचा राउंड उरतो.

‘फेअर’ वाचून पुढच्या पाळीला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं: ‘02:10. धाप. श्वास मिनिटाला 28, सॅचुरेशन 91, ऑक्सिजन 2 लिटर. उशाकडची बाजू उचलली. 02:15 ड्यूटी डॉक्टरांना कळवलं, 4 लिटर करायला सांगितलं, केलं. 02:30 श्वास 22, सॅचुरेशन 95.’ ती 02:30 ची ओळ बहुतेक नोट्समध्ये नसते. उपाय केला हे लिहिलं जातं, गुण आला का ते राहतं.

औषधाची सही औषध दिल्यानंतरच. आधी केली आणि पेशंटनं गोळी घेतली नाही, तर चार्ट खोटा ठरतो. चुकलं तर एक आडवी रेघ, सही, वेळ; व्हाइटनर अजिबात नको, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. राहून गेलेलं ‘लेट एंट्री’ म्हणून, लिहिल्याची आणि घडल्याची अशा दोन्ही वेळा घालून.

चिकोडी_ट्यूटर
भाषेचं सांगते. ‘भाळ सुस्त आगेद री’ ऐकून आपल्या कानाला ‘सुस्ती’ वाटते आणि चार्टवर ‘ड्राउझी’ (गुंगीत) पडतं. कन्नडमध्ये सुस्त म्हणजे थकवा, अशक्तपणा. ‘ड्राउझी’ वाचून डॉक्टर शुद्धीचा विचार करणार. पेशंटचे शब्द अवतरणात जसेच्या तसे लिहा, आणि पुढं स्वतः पाहिलेलं: हाकेला ओ देतो का, जागा-वेळ सांगतो का.

अथणी_आयसीयू
आकड्यांतही घात होतो. इन्सुलिनला ‘यू’ नको, ‘युनिट’ पूर्ण लिहा. घाईत तो यू शून्यासारखा दिसतो आणि 4 चे 40 होतात. 1.0 नको, 1 लिहा. .5 नको, 0.5 लिहा. ‘युरिन पुरेशी’ नको, मिलिलिटर हवेत: 60 किलोच्या पेशंटला तासाला 30 च्या खाली जायला लागली की कळवायचं.

खानापूर_नाइट
‘जीव घाबरतोय’ला ‘अँक्शस’ (चिंताग्रस्त) चालेल का?

चिकोडी_ट्यूटर
नाही. पेशंटचे शब्द तसेच ठेवा आणि पल्स, श्वास, बीपी, घाम, छातीत दुखतंय का ते लिहा. डायबेटिक असेल तर लगेच ग्लुकोमीटरवर शुगर बघा, वेळेसह.