४:३५, काका गेटवर (धावणाऱ्यांनो, अनुभव लिहा)

टेकडीकर
काल नवीन फोन घेतला. लेकीने जुन्यातलं सगळं नव्यात भरून दिलं. आज पहाटे गजर झाला, पण माझा नेहमीचा पाचचा नाही. पडद्यावर अक्षरं होती: '४:३५, काका गेटवर'.

हा गजर मी २०१९ पासून बंद ठेवला होता. नव्या फोनात तो कसा काय जागा झाला कोण जाणे. मी उठलो आणि सवयीने बाल्कनीतून खाली पाहिलंसुद्धा. वॉचमन होता आणि दुधाचे क्रेट.

काका म्हणजे आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधले, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. २००८ च्या पावसाळ्यात माझे वडील गेले आणि पहाटे झोपच लागेना. चार-साडेचारला खाली येऊन येरझारा घालायचो. काकांनी तीन दिवस पाहिलं, चौथ्या दिवशी म्हणाले, "येरझारा घालतोच आहेस तर जरा लांबच्या घाल. चल वेताळ टेकडीवर." त्या दिवसापासून पळतोय.

काकांकडे घड्याळ नव्हतं. मैदानावर पळताना उजव्या खिशात चिंचोके घालायचे आणि फेरी झाली की एक चिंचोका डाव्या खिशात. वेग जास्त होतोय का हे बघायला मला पळता पळता सतराचा पाढा म्हणायला लावायचे. सतर त्रिक एक्कावन्नलाच धाप लागली तर "चाल थोडा", दाहेपर्यंत नीट आलो तर "आता सोड गाडी". पुढे कळलं की बोलता येईल इतक्याच वेगाने लांबचं पळायचं, हे सगळे कोच सांगतात. काकांनी ते पाढ्यावर बसवलं होतं.

गुडघे थकले तसे काका लेकीकडे चिपळूणला गेले. आता आमचा अकरा जणांचा ग्रुप आहे. मंगळवारी टेकडीचे चढ, गुरुवारी ४०० मीटरचे तुकडे, रविवारी लांबची धाव, सोमवारी सुट्टी. सगळ्यांच्या मनगटावर घड्याळं. पण आज तो गजर वाचला आणि दिवसभर मन तिकडेच आहे.

तुमच्या गेटवर कोण असतं? लिहा. टायमिंग, दुखणी, कुत्री, काहीही चालेल.

निशिगंध
किती छान लिहिलंय. रुमाल टाकून ठेवते, कुकरची तिसरी शिट्टी झाली.

सातारी तडका
पाढ्याची आयडिया उद्याच वापरणार. आमच्याकडे एक पोरगा पहिल्या किलोमीटरलाच सगळ्यांना मागे टाकतो आणि सहाव्याला रस्त्याकडेच्या दगडावर बसलेला सापडतो. त्याला एकोणतीसचा देतो.

वेलचीकेळं
@सातारी तडका, अरे तो एकोणतीसचा पाढा उभ्या उभ्या तरी म्हणेल का? 😄

गच्चीवरची
मी मिरजेची. २०११ मध्ये पळायला लागले तेव्हा दोन लहान मुलं, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. बाहेर जायचं म्हटलं तर पहाटे घर कुणावर सोडणार? म्हणून गच्चीवर. गच्ची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बावीस पावलं, मध्ये पाण्याची टाकी. एक तास. सलवार-कमीज आणि यांचे जुने बूट, पुढे कापूस कोंबून. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी आठवड्याने वर येऊन विचारलं, रोज पहाटे धपधप कसली? मला वाटलं आता बोलणार. तर म्हणाल्या, मी पण येऊ का?

त्या आजही सोबत आहेत. आता कृष्णेच्या घाटापर्यंत जाऊन येतो दोघी. सासूबाई होत्या तोवर खिडकीतून हाक मारायच्या, "किती झाले गं?" मी आकडा सांगितला की "अजून दोन कर."

टेकडीकर
"अजून दोन कर." वा! आमच्या काकांची आणि सासूबाईंची गाठ पडायला हवी होती.

पेडर रोड
मी फक्त जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारचं लिहितो. मुंबई फुल मॅरेथॉन, पाचवी वेळ. पेडर रोडचा चढ दोनदा येतो. पहिल्यांदा अंधार असतो, पाय ताजे असतात, चढ आहे हे कळतसुद्धा नाही. दुसऱ्यांदा तो येतो पस्तीस किलोमीटरनंतर, डोक्यावर ऊन. तिथे माझ्या पोटऱ्या धरल्या. फूटपाथवर एक आजी खुर्ची टाकून बसलेल्या, मांडीवर सोललेल्या संत्र्यांचं ताट. मी वाकून पोटरी चोळतोय, तर त्यांनी एका फोडीवर चिमूटभर मीठ घातलं आणि सरळ माझ्या तोंडात कोंबली. "आधी हे खा, मग रड," म्हणाल्या. गुजराती हेल होता मराठीत.

४ तास ५२ मिनिटं. दर वर्षी त्या खुर्चीकडे बघत चढतो. यंदाही होत्या.

निशिगंध
आजी ❤️ डोळ्यांत पाणी आलं. पोळ्या राहिल्यात अजून, येतेच.

रंकाळा१०
अवांतर होईल पण कुत्र्यांवर कुणीतरी लिहाच. रंकाळ्यावर पहाटे एक काळा आहे, सगळ्यांच्या मागे लागतो, पण जो थांबतो त्याच्यासमोर लोळण घेतो. आमच्यातल्या नवीन लोकांना हे माहीत नसतं आणि त्यांचा त्या शंभर मीटरमधला पेस बघण्यासारखा असतो.

वेलचीकेळं
कुत्रं मागे लागलं की पळायचं नाही, थांबायचं, हात खाली, नजर दुसरीकडे. आणि खिशात पार्ले जी.

रंकाळा१०
पार्ले जी तर आमच्या ट्रेनिंग प्लॅनमध्येच आहे. दोन आपल्याला, दोन काळ्याला.

सातारी तडका
आता आमच्याकडचं. सातारा हिल हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर. ज्यांनी केली नाही त्यांच्यासाठी: समर्थ मंदिर सोडलं की यवतेश्वरचा घाट सुरू होतो आणि कासच्या दिशेला चढतच राहतो. अर्धी शर्यत चढ, अर्धी त्याच रस्त्याने उतार. लोक चढाला घाबरतात. खरा घात उतार करतो. वर पोचल्याच्या आनंदात सुसाट सुटतात आणि खाली शहरात येईपर्यंत मांड्यांचं पिठलं झालेलं असतं. सरावातही उताराचा सराव करा. छोटी पावलं, अंग किंचित पुढे, टाच आपटायची नाही.

पण मला सांगायचंय ते गावाबद्दल. त्या दिवशी सकाळी सहापासून लोक दारात असतात. ढोल, लेझीम, शाळेची पोरं हात पुढे करून टाळ्या घ्यायला उभी. माझी आई दर वर्षी आमच्या गल्लीच्या तोंडाशी गुळाचे खडे घेऊन थांबते. ती मला ओळखतच नाही. म्हणजे ओळखते, पण सगळ्यांना सारखंच, "चल रे बाळा, आलंच." मी एकदा म्हटलं, आई मी आहे. म्हणाली, "हो, चल रे बाळा, मागचा थांबलाय."

पेडर रोड
थांबा. २०१७ का? वळणावर निळी नऊवारी, स्टीलचा डबा?

सातारी तडका
निळीच असते! डबा पितळी.

पेडर रोड
मग त्यांनी मला दोन खडे दिले होते. आईंना नमस्कार सांगा. पावसाने पार भिजलो होतो, तो गूळ अजून जिभेवर आहे.

सातारी तडका
आत्ताच सांगितलं. विचारतेय, पुढच्या वर्षी येणार ना, आणि उंच होता का तो.

बर्फातला
मी टोरंटोत. जानेवारीत उणे अठरामध्ये पळतो. भुवयांवर बर्फ जमतो, पाण्याची बाटली उलटी धरावी लागते कारण वरून गोठत येते. इथल्या ग्रुपमध्ये पाच देशांचे लोक, मराठी मी एकटाच. एकदा लांबच्या धावेला नकळत तोंडातून "हुश्श" निघालं तर शेजारच्या मॉरिशसच्या बाईंनी चमकून पाहिलं आणि विचारलं, "मराठी काय?" त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडून ऊसमळ्यांवर गेलेले. त्यांना 'हुश्श', 'आजी' आणि एक आरती एवढंच येतं. आता दर शनिवारी पंधराव्या किलोमीटरला आम्ही दोघं मिळून हुश्श म्हणतो.

टेकडीकर, तुमचे काका वाचून माझे इथले सत्तरीचे मित्र आठवले. कधीच बोलत नाहीत, फक्त माझ्या बुटाची नाडी सुटली की अंगठ्याने खूण करतात.

फिजिओ_नाही
एक विचारायचं होतं. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत सुई टोचल्यासारखं होतं, दहा मिनिटांनी कमी होतं. तीन आठवडे झाले. रविवारी हाफ आहे. पळू का?

गच्चीवरची
नको रे भाऊ. मला हेच झालं होतं, तळपायाचा पडदा सुजतो. मी हट्टाने पळत राहिले आणि सात महिने गेले. फिजिओकडे जा. तोवर पाण्याची बाटली गोठवून तळव्याखाली फिरव, पोटऱ्या ताण, घरातही अनवाणी फिरू नकोस. हाफ पुढेही आहेत.

पेडर रोड
+१. आणि बूट किती जुने? पाचशे ते आठशे किलोमीटर झाले असतील तर त्यांचा तळ बसलेला असतो, वरून कितीही नवे दिसोत.

फिजिओ_नाही
बूट चौदाशे 🙈 उद्याच अपॉइंटमेंट घेतो. धन्यवाद ताई.

आष्टीकर
आमच्या तालुक्याचं नाव आलं नाही अजून म्हणून लिहितो. अविनाश साबळे आमच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. २०२२ ला बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळे ओलांडत पळायची शर्यत) ८ मिनिटं ११.२० सेकंद, रौप्य. सुवर्ण ५ शतांश सेकंदांनी हुकलं. मी तेव्हा लॉजच्या रिसेप्शनवर उभा राहून बघितलं, शेवटच्या शंभर मीटरला काउंटरवर इतक्या जोराने हात आपटला की घंटी खाली पडली. तो शाळेत असताना रोज सहा किलोमीटर पळत जायचा. आमच्याकडे आता सकाळी रस्त्याला पोरं-पोरी दिसतात. भरतीसाठी पळणारीही त्यात बरीच. त्यांच्यासोबत मीही, वय एक्कावन्न. सतर त्रिक 😀

वेलचीकेळं
😂 सतर त्रिकला मुजरा!

निशिगंध
आले एकदाची. मी स्वतः पळत नाही, नवरा पळतो. २०१९ ला दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स मॅरेथॉन केली त्याने, डरबनहून पीटरमारित्झबर्ग, म्हणजे चढाच्या दिशेचं वर्ष. साधारण ८७ किलोमीटर, बारा तासांच्या आत. बारा तास झाले की बंदूक वाजते आणि ती वाजवणारा माणूस येणाऱ्यांकडे पाठ करून उभा असतो. त्यानंतर एक सेकंद उशिरा आलात तरी नाही.

मी मैदानावर. अकरा तास झाले, साडेअकरा झाले. फोन लागेना. पॉली शॉर्ट्स नावाचा शेवटचा मोठा चढ असतो, तिथे बरेच जण खचतात हे ऐकून होते. माझ्या शेजारी एक अनोळखी बाई होत्या, त्यांचाही माणूस यायचा होता. कधी एकमेकींचे हात धरले कळलंच नाही. ११:४७ ला हा आला. त्यांचा नाही आला. बंदूक वाजली तेव्हा त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या.

वर्षभर पहाटे तीनला पळायला जायचा तेव्हा मी चिडायचे, शिळी खिचडी मागायचा म्हणून चिडायचे. त्या बाईंच्या टाळ्या ऐकल्यावर चिडणं गेलं. बटाटे उकडून ठेवते आता आदल्या रात्री, मीठ लावून.

गच्चीवरची
निशिगंध, तू पळतेसच गं. जागी असतेस ना तीनला.

वेलचीकेळं
उकडलेला बटाटा एनर्जी जेलपेक्षा भारी. मी वेलची केळी नेतो, मोठं केळं अर्ध्यात जड होतं. आणि ते ज्यांना आवडत नाही त्यांना खजूर, बी काढून, आत मीठ.

टेकडीकर
सगळं वाचलं, दोनदा. मघाशी चिपळूणला फोन लावला. चार वर्षांत सणाला मेसेज सोडून बोललोच नव्हतो, याची मला खरंच लाज वाटते. लेकीने फोन त्यांच्याकडे दिला. गजराचं सांगितलं. काका म्हणाले, "मी अजून साडेचारलाच उठतो. गुडघा वळत नाही पण गेटपर्यंत जाऊन येतो. कुणी नसतं." मग म्हणाले, चिंचोके त्या जुन्या पँटच्या खिशात तसेच आहेत, लेकीने धुताना काढले नाहीत.

या शनिवारी निघतोय. ग्रुपमधले चार जण येतो म्हणतायत.

सातारी तडका
कुंभार्ली घाटाने जाणार असाल तर कऱ्हाडला थांबा, नाश्ता माझ्याकडून. रविवारी सकाळचं काय, काकांबरोबर?

टेकडीकर
त्यांच्या गेटवर, ४:३५ ला. तिथून पुढे बघू.

वेलचीकेळं
किती डझन देऊ?

रंकाळा१०
चिपळूणची कुत्री कशी आहेत त्याची आधी चौकशी करा.