ना नोकरी, ना नातेवाईक: परदेशात कायमचं कसं जायचं?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. वय ३८, एकटाच आहे. परदेशात कायमचं स्थायिक व्हायचंय, पण तिकडे सख्खं-चुलत कोणी नाही आणि हातात ऑफर लेटरही नाही.

ऑस्ट्रेलियाच्या १८९ व्हिसाला (कुशल कामगारांना गुणांवर मिळणारा कायमचा व्हिसा) ऑफर लागत नाही, पण वय ४५च्या आत आणि किमान ६५ गुण हवेत. अर्ज करायचं आमंत्रण यायला बहुधा त्याहून बरेच जास्त लागतात. कॅनडाने मार्च २०२५मध्ये एक्स्प्रेस एन्ट्रीतले (कायम राहायला येणाऱ्यांची गुणांवर निवड करायची पद्धत) नोकरीच्या ऑफरचे जादा गुण काढले, ते माझ्या पथ्यावरच पडलं. मात्र वयाचे गुण तिशीपासून घसरतात. जर्मनीचं शान्सेनकार्टे (तिथे जाऊन नोकरी शोधायचा परवाना) एक वर्षाचं, त्यात आठवड्याला २० तास काम करता येतं. वर्षभरात नोकरी नाहीच मिळाली तर?

खरी धास्ती पोचल्यानंतरची आहे. घरमालक पगाराची स्लिप मागणार, नोकरी देणारे स्थानिक अनुभव. आजारी पडलो तर फोन कोणाला करायचा, हेही ठरत नाहीये.

असं एकट्याने गेलेलं कोणी आहे का? किती महिन्यांचा खर्च गाठीशी ठेवला होता? पहिलं घर कसं मिळालं? एजंटांचे नंबर कृपया नकोत, एकदा हात पोळलेत.